कातळोशी सोडून कातळोशीत

१० डिसेंबर २०२४, मंगळवार, सकाळी ६.००

या वेळी कातळोशीच्या व्हाळात पाण्याची पातळी ११७ मिलिमीटर होती आणि कातळोशी गावात एकही माणूस उरलेला नव्हता. सगळे कातळोशीत गेले होते. हेच वाक्य मी नंतर पुण्यातल्या माझ्या मार्गदर्शकांना फोनवरून सांगितले, तेव्हा त्यांनी मला पुरेशी झोप मिळते आहे ना, अशी चौकशी केली. वाक्य अचूक होते. त्यातला एकही शब्द मी आजही मागे घेणार नाही. फक्त भूगोल समजावून सांगते.

मालवणच्या उत्तरेला आचरा. आचऱ्याहून आत, काजूच्या बागा आणि सडा, म्हणजे कातळाचे उघडे पठार, ओलांडला की एक छोटा ओढा लागतो. ओढ्याला इथे व्हाळ म्हणतात. या व्हाळाचे नाव कातळोशी. त्याच्या दोन्ही काठांवर एकेक गाव आहे आणि दोन्ही गावांचे नावही कातळोशीच. व्हाळावरून गावांना नाव पडले की गावांवरून व्हाळाला, हा प्रश्न मी आल्याआल्या विचारला. दोन्ही गावांनी एकच उत्तर दिले: नाव मुळात आमचे, व्हाळाने ते आमच्याकडून घेतले आणि समोरच्यांनी व्हाळाकडून उचलले. सोयीसाठी मी त्यांना 'क-१' आणि 'क-२' असे क्रमांक दिले होते. आपण दोन नंबर आहोत हे समोरच्या गावाला कळल्यावर ती सोय मला सोडून द्यावी लागली. या लेखात मी अल्याड आणि पल्याड म्हणेन. ज्या गावाने त्या सकाळी घरे सोडली ते अल्याड.

प्रकरण इथे थांबत नाही. सावंतवाडीच्या पुढे, घाटाच्या पायथ्याशी, कातळोशी नावाचा आणखी एक व्हाळ आहे आणि त्याच्या काठी कातळोशी नावाचे गाव. तिथे मी आदल्याच आठवड्यात जाऊन आले होते. मालवणच्या बसमध्ये कंडक्टरने 'खंयची कातळोशी?' असे विचारले तेव्हा मी अक्षांश आणि रेखांश सांगितले. त्याने ते शांतपणे ऐकून घेतले आणि मला आचरा तिठ्याचे तिकीट दिले.

पावसाळा संपल्यावर ओढ्याचे पाणी दिवसागणिक कसे उतरत जाते, हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. एका जुन्या दप्तरात मला तीन कोरड्या दिवसांची एक वही सापडली होती. पाणी दर दिवशी तीन मिलिमीटरने उतरले, असे तिच्यात लिहिले होते. ठिकाण: 'कातळोशी'. कोणती, हे लिहिणाऱ्याला ठाऊक होते, म्हणून त्याने लिहिले नव्हते. सावंतवाडीकडचे पाणी दिवसाला सातने उतरते, हे मी मोजून आले होते. आता आचऱ्याकडचे तीनने उतरले तर वही या व्हाळाची ठरणार होती, आणि जुन्या-नव्या पाण्याची तुलना हाती घेऊन मी पुढच्या आठवड्यात शिष्यवृत्तीच्या मुलाखतीला बसणार होते. त्यासाठी सलग बहात्तर तासांच्या नोंदी हव्या होत्या. मध्ये कुणी पाण्यात ढवळाढवळ केली की सगळे पहिल्यापासून. शिष्यवृत्ती मला हवी होती. ती मला फार हवी होती.

त्यासाठी मी निवडलेले तीन दिवस नेमके गावपळणीचे निघाले.

गावपळण म्हणजे काही वर्षांनी, ग्रामदेवतेचा कौल मिळाला की, सगळे गाव तीन दिवस आणि तीन रात्री शिवेबाहेर जाऊन राहते. माणसे, गुरे, कोंबड्या, कुत्री, सगळी. गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही. मी ज्यांच्याकडे उतरले त्या सुमतीकाकी आदल्या दिवशी टोपल्यांत भांडी भरत होत्या; मला वाटले लग्नाला निघाल्या. अकोल्याला आम्ही तीन दिवस बाहेरगावी जायचे झाले तर दोन कुलपे लावतो, तिसरे लावले का ते पाहायला कोपऱ्यावरून परत येतो आणि शेजाऱ्यांकडे तुळशीला पाणी घालायची विनवणी करतो. इथे शेजारीही निघालेले. काकींनी दाराला नुसती कडी घातली. हे सगळे कशासाठी, असे मी गावातले मोठे मानकरी तात्या गावकर यांना विचारले. लोक नाना कारणे सांगतात, असे म्हणून ते म्हणाले, "देवाकय कधीतरी घर मोकळां होयां." होयां म्हणजे हवे.

गावाची शीव म्हणजे व्हाळाचा मध्य. त्यामुळे मंगळवारी पहाटे आम्ही कातळोशी सोडली, कातळोशी ओलांडली आणि कातळोशीत मुक्काम केला.

मंगळवार, पुढे

पल्याडच्या कापलेल्या भातशेतांत नारळाच्या झावळ्यांच्या झोपड्या उभ्या राहिल्या होत्या. पल्याडवाले गावपळण पाळत नाहीत. ते पाहुणचार करतात, आणि त्यात त्यांना असा उत्साह की आपल्याकडे उतरणाऱ्यांसाठी त्यांनी आधीच जमीन झाडून ठेवली होती. दोनशे माणसे, आणि तीन दिवस कुणालाही काम नाही. पुरुष पत्ते कुटत होते, बायका फुगड्या घालत होत्या, आणि आचऱ्याहून स्कूटरवर बांगडे घेऊन आलेल्या मासेवालीला उभ्या जन्मात इतके गिऱ्हाईक एका जागी मिळाले नसावे.

माझे उपकरण साधे होते. पत्र्याची एक फळी, तिच्या मधोमध उलट्या त्रिकोणाची खाच, शेजारी मोजपट्टी. फळी व्हाळात आडवी रोवायची, सगळे पाणी खाचेतून जाऊ द्यायचे आणि ते किती उंचीवरून वाहते ते वाचायचे. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, सायंकाळी सहा. आदल्या दिवशी मी ती गुरे उतरायच्या उताराजवळ रोवली होती, कारण व्हाळ तिथेच सरळ वाहतो. फळी शिवेवर आहे, याचा मला पत्ता नव्हता. मानकऱ्यांनी विचार करून निर्णय दिला की पाण्याला बाजू नसते, पायांना असते. मी पल्याडच्या काठावर उभी राहून वाकले तर हरकत नाही.

दुपारी दोन वाजता मी वाकले आणि घसरले. उजवा पाय व्हाळाच्या अल्याडच्या अर्ध्यात पडला. पत्ते थांबले, फुगड्या थांबल्या. तात्या काठापर्यंत आले, पायाकडे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले की पाय गेला खरा, पण तो ओला आहे, आणि ओला पाय व्हाळाचा. तरी एक नारळ द्यावा. नोंदवहीतल्या शेरा या रकान्यात मी लिहिले: 'पातळी ११६. उजवा पाय. नारळ एक.'

त्या घसरण्याने मी सगळ्यांच्या ओळखीची झाले. संध्याकाळी जेवताना (तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, तळलेले बांगडे, पिठीने माझ्या वऱ्हाडी जिभेला प्रथमच तिखटाचा विसर पाडला) तात्यांनी माझ्या कामाची चौकशी केली. मी सविस्तर सांगितले. सावंतवाडीकडे अशीच एक कातळोशी आहे, हेही सांगितले. तशी आणखी एक कातळोशी असल्याचे इथे कुणाला ठाऊक नव्हते, आणि ठाऊक झाल्याचा कुणाला आनंद झालेला दिसला नाही.

"तेंचो आकडो किती?" तात्यांनी विचारले.

"सात."

"आणि आमचो?"

"तीनच्या आसपास असावा."

"तीन," तात्या म्हणाले. "बरां."

सुमतीकाकींनी न विचारता माझ्या पानात आणखी एक बांगडा वाढला. मी तो पाहुणचार समजले. ते सांत्वन होते.

११ डिसेंबर, बुधवार

सकाळी ११४. या एका आकड्याने वस्तीवर मळभ आले. मी काठावरून वर येईपर्यंत पाचसहा जणी वाटेत उभ्या असत, आणि दवाखान्यातून बाहेर येणाऱ्याला विचारावे तशा 'आज कितको गो?' असे विचारत. मी ११४ म्हटले की त्या एकमेकींकडे पाहत. उतरता आकडा ही चांगली गोष्ट आहे, असे मी समजावून पाहिले. सुमतीकाकींनी मान डोलावली. ताप उतरतो तसाच ना, म्हणाल्या. मग हळूच माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

दुपारी ११३. माझी टोपी एका कोंबडीने घेतली आणि तिच्यात अंडे घातले. उन्हात मी बिनटोपीची फिरले, कारण ती उठायला तयार नव्हती आणि तिच्या मालकिणीला मी घाई करणे योग्य वाटले नाही.

सायंकाळी सहा वाजता: १२१.

मी पुन्हा वाचले. १२१. पाऊस नाही, ढग नाही. भरतीचे पाणी इथवर येत नाही. झोपडीत बसून मी या वाढीची पाच संभाव्य कारणे लिहून काढली. झाडे संध्याकाळी पाणी ओढायचे थांबतात, हे त्यांतले सर्वांत प्रतिष्ठित कारण होते. त्यावर एक स्वतंत्र शोधनिबंध होऊ शकेल, असेही समासात लिहिले. बाहेर वस्तीत त्या संध्याकाळी कमालीचा आनंद होता. भजनाला रंग चढला होता. दोघीतिघींनी मला ओढून फुगडी घालायला लावली. लोकांना विज्ञानात इतका रस आहे, हे पाहून मला भरून आले.

१२ डिसेंबर, गुरुवार

सकाळी सहा वाजता १२६.

एवढे पाणी कुठलेही झाड सोडत नाही. मी व्हाळाच्या काठाकाठाने वर चालत निघाले. वीस मिनिटांवर पल्याडच्या बाबलदादांचा बांध आहे. उन्हाळी भातासाठी, ज्याला इथे वायंगण म्हणतात, ते दर वर्षी माती आणि फळ्या लावून व्हाळ अडवतात. आमच्या झोपड्या त्यांच्याच शेतात होत्या. बाबलदादा बांधावर विडी ओढत बसले होते. बांधाची वरची फळी त्यांच्या शेजारी गवतावर ठेवलेली होती.

फळी कुणी काढली, असे मी विचारले.

"मी," ते म्हणाले. "तात्यांनी सांगल्यानी. चेडवाचो आकडो खाली जाताहा, बिचारी काय बोलणा नाय, पण जेवणा नाय बरोबर. तेवां म्हटलां, वायच पाणी सोडुया."

चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी. मी सात आणि तीन यांचा अर्थ पुन्हा सांगू लागले. त्यांनी विडी विझवली.

"सावंतवाडीवाल्यांका सात मिळतत, मगे आमका कित्याक नाय, मॅडम?"

त्यांच्या मागे वाफ्यात भाताची कोवळी रोपे होती. एरवी बांधातून तिकडे जाणारा पाट कोरडा पडला होता, आणि रोपांची टोके पिवळी दिसत होती. मी तिकडे बोट दाखवले. रोपांचा तरवा पुन्हा घालता येईल, ते म्हणाले. पण सावंतवाडीवाल्यांपुढे खाली पाहण्याची पाळी नको.

परत आल्यावर आणखी एक शोध लागला. पाणी वरून पुरेसे येईल की नाही या काळजीने सुमतीकाकी आणि आणखी सातआठ जणींनी माझ्या फळीच्या खालच्या बाजूला धोंडे रचून पाणी तुंबवले होते. फार सुबक रचले होते. वर दोन जास्वंदीची फुलेही ठेवली होती.

मी सगळ्यांना एकत्र बोलावले आणि पंधरा मिनिटे भाषण केले. त्यात 'मानवी हस्तक्षेप' हा शब्दप्रयोग सहा वेळा आला. दोनशे माणसे खाली मान घालून ऐकत होती. माझे झाल्यावर तात्या उठले.

"तुका किती होयो तो आकडो सांग, बाय. तितको करून देतव."

"मला हवा तो नको, तात्या. जो आहे तो हवा."

"मगे आमी काय करूचा?"

"काहीच नाही."

हे मात्र त्यांना जड गेले. पाहुण्यासाठी काय वाटेल ते करायची या दोन्ही गावांची तयारी असते. पाहुण्यासाठी काहीही न करणे त्यांनी कधी केलेले नव्हते. मानकरी बाजूला जाऊन बोलले. मग तात्या व्हाळाच्या काठावर, रिकाम्या गावाकडे तोंड करून उभे राहिले आणि त्यांनी देवाला गाऱ्हाणे घातले. गाऱ्हाणे म्हणजे देवापुढे मोठ्याने मांडलेला अर्ज. प्रत्येक वाक्यागणिक बाकीचे हुंकार भरतात.

"बा देवा म्हाराजा, आज जी काय तुझी लेकरां शिवेभायर येऊन रवली हत, तेंच्याकडसून जी काय चूक झाली ती पोटात घाल."

"होय म्हाराजा."

"आणि ह्या आमच्या पावण्या चेडवाचो आकडो पुरो होयसर कोण व्हाळाच्या पाण्याक हात लावीत, तेका तू बघून घी."

"होय म्हाराजा."

पल्याडवालेही हुंकार भरत होते. त्यांचा तो देव नव्हे, तरी.

बाबलदादांनी फळी परत बसवली, बायकांनी धोंडे काढले. बांध भरेपर्यंत दुपारी पाणी ९६ पर्यंत खाली गेले, मग सावरले. पाच वाजता १०८, सहा वाजता १०८. व्हाळ पूर्ववत झाला होता. माझे बहात्तर तास आता इथून सुरू होत होते, म्हणजे ते रविवारी सायंकाळी सहाला संपणार होते. पाणी तीनने उतरले तर तेव्हा ९९ असणार होते, सातने उतरले तर ८७. आणि गावपळण शुक्रवारी सकाळी संपणार होती. मग दोनशे माणसे आणि सगळी गुरे माझ्या फळीवरून घरी जाणार; दुसरा उतार नव्हता, आणि ज्या वाटेने बाहेर पडले त्याच वाटेने परतायचे, असा दंडक होता.

हे मी फक्त सुमतीकाकींना सांगितले. लोकांना घरी जाऊ नका म्हणणे माझ्या तत्त्वात बसत नव्हते.

१३ आणि १४ डिसेंबर

परतायलाही कौल लागतो. देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या लावतात. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. शुक्रवारी सकाळी चार मानकरी बाबलदादांच्या बांधावरून, पाण्याला पाय न लावता, पलीकडे देवळात जाऊन आले. डावी पडली. आणखी एक दिवस. शनिवारी पुन्हा गेले. पुन्हा डावी.

लागोपाठ दोनदा डावी पडण्याची शक्यता एक चतुर्थांश आहे, ही फार दुर्मीळ घटना नव्हे, असे मी म्हणाले. सुमतीकाकींनी माझी कीव केली. "देवाकय आकडो बघूचो आसतलो," त्या म्हणाल्या. मी तात्यांकडे पाहिले. पाकळी पडली तशी पडली, आपण हात लावला नाही, असे त्यांनी मी न विचारताच सांगितले.

हे दोन दिवस मी विसरणार नाही. व्हाळाच्या काठी राहणारी दोनशे माणसे व्हाळाला शिवत नव्हती. म्हशींना लांबून वळसा घालून पल्याडच्या तळीवर नेत. आंघोळीसाठी बाबलदादांच्या विहिरीवर रांग लागे. तांदूळ संपत आले, तेव्हा पल्याडच्या घरांतून टोपल्या आल्या. कपडे कुणी धुतले नाहीत. अकोल्यात नळाला पाणी आले की सगळी गल्ली हंडे घेऊन धावते. समोर झुळझुळते पाणी आणि त्याला कुणी हात लावत नाही, हे दृश्य मी आईला फोनवर सांगितले. पाणीच मोजायचे होते तर आपल्या नळाचे का मोजले नाहीस, असे तिने विचारले.

आकडे शुक्रवारी सायंकाळी १०५, शनिवारी सायंकाळी १०२. आता मला वाटेत कुणी काही विचारत नव्हते. विचारणे म्हणजेही हस्तक्षेप, असा कुणीतरी अर्थ लावला होता. मी वर आले की सगळे माझ्या चेहऱ्याकडे पाहत आणि पटकन दुसरीकडे.

१५ डिसेंबर, रविवार

सकाळी उजवी पाकळी पडली. गावात शिरून, घरे झाडून, तिन्हीसांजेच्या आत ज्याच्या त्याच्या घरी दिवा लागला पाहिजे, असे तात्यांनी जाहीर केले. सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. झोपड्या दुपारीच उतरल्या. चार वाजता सगळे गाव उताराशी येऊन उभे राहिले: डोक्यावर टोपल्या, काखेत कोंबड्या, दाव्याला म्हशी. माझ्या मनाने मी हरले होते. आता तात्या हात करतील, पहिली म्हैस पाण्यात उतरेल, आणि मी मुलाखतीत अडुसष्ट-सत्तर तासांचे समर्थन करत बसेन.

तात्यांनी हात केला नाही. ते काठावरच्या दगडावर बसले. पाच वाजले. गाव उभेच होते. साडेपाच झाले, तेव्हा समोरच्या माडांची सावली आमच्यापर्यंत पोचली, आणि एका म्हातारीने हळूच विचारले की दिवा कधी लावायचा. मला राहवले नाही. मी तात्यांकडे गेले आणि म्हणाले की दहा-वीस मिनिटांनी विशेष फरक पडत नाही, मी आत्ताच वाचते आणि तुम्ही जा.

"सा वाजता म्हटलस मा?" तात्या म्हणाले.

"हो, पण—"

"मगे सा."

ते मोठ्याने बोलले नव्हते, पण मागच्या रांगेपर्यंत कळले. कुणीतरी टोपली डोक्यावरून उतरवून खाली ठेवली. मग दुसऱ्याने. बाबलदादा पल्याडच्या चार माणसांसह म्हशींच्या पुढे आडवे उभे राहिले, तहानलेली एखादी पुढे सरकू नये म्हणून. बायकांनी कोंबड्यांच्या चोची हाताने मिटून धरल्या होत्या, का, ते मला ठाऊक नाही. आवाजाने पाणी हलते असे मी कधी म्हटल्याचे आठवत नाही.

सहाला एक मिनिट असताना मी पल्याडच्या काठावर गुडघे टेकले. ऊन गेले होते, पण आकडे दिसत होते. मी घड्याळ पाहिले, मग मोजपट्टी पाहिली, मग डोळे पुसून पुन्हा मोजपट्टी पाहिली, आणि वहीत लिहिले.

सायंकाळी ६.००. पातळी ९९.